शरयूच्या तळ्यावरच्या तांबड्या टाचण्या

धारला निघताना कराडात मी सगळ्यांना सांगितलं, की टाचण्या, म्हणजे तळ्याकाठचे ते नाजूक कीटक, बघायला चालले आहे. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळं होतं. माझी आतेबहीण शरयू शाळांमधून टाचण्यांवर भाषणं देते, इंदूरची निसर्गप्रेमी मंडळी तिला बोलावतात, तिच्या नोंदींचं पुस्तक निघणार आहे, असं मला कळलं होतं. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नव्हतं.

मी एकतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. शरयू माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिचं घराणं पाच-सहा पिढ्यांपूर्वी साताऱ्याकडून माळव्यात गेलेलं, संस्थानात कारभारी होतं. ती हिंदी शाळेत शिकली आणि धारच्या एका कचेरीत टायपिंग करून निवृत्त झाली. मराठी लिहिताना ण आणि न यांत तिचा आजही घोटाळा होतो. अकरा वर्षांपूर्वी ती माझ्याकडे आली होती, तेव्हा आमच्या कालव्याकाठच्या पाणथळीत मीच तिला पहिली टाचणी दाखवली. चतुर आणि टाचणी यांतला फरकही मीच सांगितला. दोघांचा गण एकच, पण चतुर बसला की पंख विमानासारखे पसरून बसतो, टाचणी ते पाठीवर मिटून घेते, आणि तिचं अंग सुईसारखं बारीक. निघताना मी तिला माझा तक्ता दिला: ‘आपल्या पाणथळीतील बारा टाचण्या’. तो आमच्या तालुक्यातल्या शाळांच्या भिंतींवर आहे. मी आयुष्यात केलेली तेवढी एकच गोष्ट लोकांना आठवते.

पुढे आमच्या पाणथळीत भराव पडला आणि प्लॉट निघाले. माझ्याकडे तक्ता राहिला. शरयूकडे तळं होतं.

देवास

ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी देवासच्या बसस्टँडवर उतरले. त्या दिवशी शरयूचं तिथल्या एका शाळेत भाषण होतं, म्हणून ती आणि तिचे यजमान मनोहरराव धारहून गाडी घेऊन आदल्या दिवशीच आले होते. शरयू वाकून पाया पडली. इतकी वर्षं मध्ये गेली, तरी तिकडची मंडळी पाया पडायला चुकत नाहीत. आमच्याकडे आता लांबूनच हात जोडतात.

“अक्का, थकून गेली असशील. आधी पोहे खाऊन घे, मग बोलू,” ती म्हणाली.

पोहे वाफेवर फुगवलेले, त्यात बडीशेप, वर शेव आणि जिरावण नावाचा आंबट-तिखट मसाला. आपल्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं आणि बरोबर चहा. तिथे बरोबर जिलबी. मी दोन बश्या खाल्ल्या आणि आमचे पोहेच चांगले, असं मनात म्हणून घेतलं.

शाळा टेकडीच्या पायथ्याजवळ होती. हॉलमध्ये दीडेकशे मुलं खाली बसली होती. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले, पर्समध्ये वही-पेन तयार ठेवून. तिच्या चुका टिपायच्या होत्या. शरयू उभी राहिली. आधी हिंदीत बोलली, मग मध्येच मराठीत, मग माळवीत, आणि मुलांना त्याचं काहीच वाटलं नाही. टाचणीचं पिल्लू पाण्यात असताना डासांची पिल्लं कशी पकडतं ते तिने हाताच्या कोपरापासून झटका देऊन दाखवलं. मागच्या रांगेतली मुलं गुडघ्यांवर उभी राहिली.

एका मुलीने विचारलं, “मैडम, वो पानी में खुश है तो बाहर क्यों आती है?”

“मुझे पता नहीं, बेटा,” शरयू म्हणाली. “तू देखना, और मुझे आके बताना.”

एकतीस वर्षांत मी वर्गात ‘मला माहीत नाही’ असं एकदाही म्हटलं नव्हतं. मला वाटलं, आता हिची फजिती होणार. झालं उलटंच. ती मुलगी बाकीच्यांकडे अशी बघत बसली, जणू तिला काम मिळालं होतं. माझ्या वहीत तोवर एकच चूक लिहिलेली होती, आणि तीही व्याकरणाची.

शेवटी शरयूने माझ्याकडे हात केला. “ये मेरी अक्का हैं. मैंने सब इन्हीं से सीखा.” मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. तिने मला खाली ओढलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिने मला वर बसवलं आणि माझ्याकडे रागावायलाही कारण ठेवलं नाही.

पीथमपूरमार्गे

दुपारी आम्ही धारला निघालो. पीथमपूरजवळ कारखान्यांची पाळी सुटली होती आणि बसेसची रांग रस्ता अडवून उभी होती. मनोहररावांनी त्यांपैकीच एका कारखान्यात नोकरी केलेली. खिडकीतून मान काढून ते म्हणाले, “भिया, थोडी साइड दे दो, घर में मेहमान हैं.” ड्रायव्हर हसला आणि बस मागे घेतली.

मी विचारलं, “तुम्हाला या टाचण्यांचा कंटाळा येत नाही का?”

“सुरुवातीला येत होता,” ते म्हणाले. “मग हिने मला तारीख लिहायचं काम दिलं. आता एखाद्या इतवारी नाही गेलो, तर मलाच चुकल्यासारखं होतं.”

माझे यजमान टाचण्यांना ‘तुझे किडे’ म्हणायचे. ते असते तर गाडीतून उतरलेही नसते. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, आणि त्या गाडीत मागच्या सीटवर बसून मला त्यांची आठवण आली ती प्रेमाने नव्हे, तक्रारीने. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं झालं खरं.

धार

धारला साडेबारा तलाव आहेत असं म्हणतात. शरयूच्या मते तिचं तळं म्हणजे त्यातला अर्धा. गावात आणखी दोन-तीन ठिकाणचे लोक आपल्याच तळ्याला अर्धा म्हणतात, असंही तिने सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन अंगाला लागायच्या आत आम्ही तिथे पोचलो.

मला ते तळं गचाळ निघायला हवं होतं. तसं ते होतंही. एका बाजूला निर्माल्य, दुसऱ्या बाजूला म्हशी. पण मधलं सगळं पाणी शिंगाड्याच्या वेलांनी झाकलेलं, कडेला लव्हाळं आणि गुडघाभर गवत. मी वाकून गवतात पाहिलं आणि क्षणभर शरयू, पुस्तक, सगळं विसरले. गवताच्या प्रत्येक काडीवर टाचणी होती. निळ्या तोंडाच्या, हिरव्या छातीच्या, आणि अगदी खाली, पाण्यालगत, बोटाच्या पेराएवढ्या बुटक्या टाचण्या. बुटक्या नराच्या शेपटीचं टोक तांबडं असतं, आणि म्हातारपणी त्याच्या अंगावर पांढरी भुकटी चढते. ही टाचणी दुर्मीळ नाही. कुठल्याही गवताळ डबक्यावर ती असते, फक्त बघायला बसकण मारावी लागते. माझ्या पाणथळीत ती अशीच असायची.

शरयूने मला एक पिवळी जोडी दाखवली. मादी शिंगाड्याच्या देठात अंडी घालत होती आणि नर तिची मान शेपटीच्या टोकाने पकडून तिच्यावर काठीसारखा सरळ उभा होता. दुसरा नर जवळ आला की तो पंख फडफडवायचा.

“सोडत नाही तिला, जोपर्यंत तिची अंडी घालून होत नाहीत,” शरयू म्हणाली. “मला तर त्याची दयाच येते. एवढा वेळ उभं राहायचं, आणि नजर सगळी दुसऱ्यांवर.”

ते तिने माझ्याकडे बघून म्हटलं नव्हतं. माझे कान मात्र तापल्यासारखे झाले. मी पुढे सरकायला गेले आणि घोट्यापर्यंत चिखलात रुतले. एक चप्पल आत राहिली. तेवढ्यात पत्र्याची छोटी होडी लव्हाळ्यातून बाहेर आली आणि तिच्यातल्या म्हाताऱ्याने वल्ह्याने चप्पल उकरून माझ्यापुढे ठेवली.

हा कैलाशभाई. तळ्यातल्या शिंगाड्याची शेती त्याची. गेली नऊ वर्षं शरयूला पाण्याच्या मध्यावर काय चाललंय ते तोच सांगतो. टाचणीला तो ‘सुई’ म्हणतो.

“बेनजी, ये वोई अक्का हैं क्या? चार्ट वाली?” त्याने विचारलं.

“हो, तीच,” शरयू अभिमानाने म्हणाली.

त्याने मला नीट न्याहाळलं. काहीतरी त्याच्या ओठांवर आलं होतं, पण त्याने मूठभर कोवळे शिंगाडे माझ्या ओंजळीत टाकले आणि होडी वळवली.

वही

दुपारी भुट्ट्याचा कीस झाला. मक्याचं कणीस किसून, दुधात शिजवून, वर लिंबू पिळलेला. त्यानंतर शरयूने तिच्या वह्या माझ्यापुढे ठेवल्या.

“अक्का, पुस्तक मराठी आणि हिंदी दोन्हींत निघणार आहे. माझी मराठी तुला माहीत आहे. तू बघून देशील ना? तू जे काढशील ते काढून टाकेन.”

ती भांडी आवरायला गेली. मी लाल पेन घेऊन बसले. ‘पानी’चं पाणी केलं, ‘डोले’चे डोळे केले. त्या कामात मला सुख होत होतं. तिसऱ्या वहीत मात्र माझा हात थांबला.

चार वर्षांपूर्वीची पानं होती. बुटक्या टाचणीच्या माद्या दोन रंगांच्या दिसतात, काही विटेसारख्या तांबड्या, काही हिरवट. शरयूने तीस तांबड्या माद्या पकडल्या होत्या आणि प्रत्येकीच्या पंखावर बारीक पेनाने ठिपका देऊन सोडून दिल्या होत्या. मग ती आणि मनोहरराव रोज सकाळी तळ्यावर जाऊन त्यांना शोधत होते. बहुतेक पुन्हा दिसल्याच नाहीत. पण पाच दिसल्या, आणि त्या पाचही हिरवट झाल्या होत्या. तांबडी म्हणजे तरुण मादी, हिरवी म्हणजे तीच, वयात आलेली.

माझ्या तक्त्यात सातवी टाचणी तांबडी आहे आणि नववी हिरवी. दोन वेगळ्या जाती, दोन वेगळी नावं. नववीचं नाव मी एका जुन्या पुस्तकातल्या धुरकट चित्रावरून ठरवलं होतं. तक्ता बारांचा नव्हता, अकरांचा होता.

पानाच्या तळाशी शरयूने लिहिलं होतं: ‘अक्काच्या चार्टात या दोन अलग आहेत. कराडच्या अलग असतील. अक्काला पूछायचं आहे.’

चार वर्षं तिने विचारलं नव्हतं.

मी वही मिटली, पुन्हा उघडली. माझ्याकडे आता पाणथळ नव्हती की जाऊन खात्री करावी. पण खात्रीची गरजही नव्हती, पाच ठिपके माझ्यासमोर होते. हे पुस्तक छापलं की कुणीतरी माझा तक्ता शेजारी धरणार. त्यापेक्षाही जास्त झोंबलं ते दुसरंच. हा शोध साधा होता, पुस्तकी माणसांना कधीचा माहीत असणार. पण तो करायला तळ्यावर रोज जाऊन बसावं लागतं, आणि माझ्याकडे पाणथळ होती तेव्हा मी कधी बसले नव्हते. मी चित्रं जुळवली आणि घरी आले.

शरयू हात पुसत आली. मी म्हटलं, “ही ठिपक्यांची पानं काढून टाक.”

“का गं?”

“शाई पसरते, पंखावर नैसर्गिक डागही असतात. पाच म्हणजे काहीच नाही. लोक हसतील तुला.”

ती वाद घालेल असं मला वाटलं होतं. मी चार उत्तरं तयार ठेवली होती. ती माझ्यासमोर बसली, वही स्वतःकडे ओढली आणि म्हणाली, “तू म्हणतेस तर बरोबरच असेल. मला पण वाटायचं, की माझ्या डोळ्यांत काही खोट आहे.” माझंच लाल पेन घेऊन तिने त्या पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. सहा पानं. सहा रेघा.

“काही गोष्ट नाही,” ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

तळ्यावर, पुन्हा

दुसऱ्या दिवशी सकाळी कैलाशभाई काठावर शिंगाडे निवडत बसला होता. शरयूने त्याला सहज सांगितलं, की ठिपक्यांचं प्रकरण पुस्तकात येणार नाही, अक्का म्हणते ती चूक होती.

तो निवडायचा थांबला. “चूक? बेनजी, तीन तो मैंने खुद देखी थी. नाव में बैठ के. आपने बोला था हाथ मत लगाना, तो मैं साँस रोक के बैठा था.” मग त्याने माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. “आपने देखी थी क्या?”

“नाही,” मी म्हटलं.

“तो?”

मनोहरराव तारीख लिहून वही मिटत होते, तेही थांबले. मला तेव्हा काहीही सांगता आलं असतं. मी कॉलेजात शिकवलेली बाई होते, पदवीवाली होते, आणि शरयू माझ्या बाजूने बोलायला तयारच होती. ती म्हणालीसुद्धा, “कैलाशभाई, अक्काला जास्त समजतं.” ते वाक्य मला सहन झालं नाही.

“शरयू, मला जास्त समजत नाही,” मी म्हटलं. “तुझे ठिपके बरोबर आहेत. माझा तक्ता चुकला आहे. काल वाचताना मला कळलं, आणि तरी मी तुला पानं काढायला सांगितली.”

“का?”

“हेवा वाटला म्हणून.”

हा शब्द मी मोठ्याने कधी उच्चारला नव्हता. कैलाशभाईला मराठी अर्धीमुर्धीच समजत असावी, पण तो उठला, टोपली उचलली आणि होडीकडे गेला. मनोहरराव त्याच्यामागे गेले.

शरयू गवताकडे बघत होती. ती मला मिठी मारेल, ‘काही गोष्ट नाही’ म्हणेल, असं मला वाटत होतं, खोटं कशाला सांगू. ती तसं काही म्हणाली नाही.

“चार वर्षं, अक्का,” ती म्हणाली. “डोळे तपासून आले मी. चष्मा बदलून टाकला. यांना म्हटलं, मला आता रंग दिसत नाहीत बहुतेक.”

“तू मला विचारायचं होतंस.”

“तू रागावशील म्हणून नाही विचारलं. आणि तू रागावलीसच.”

तिने पिशवीतून जाळी काढली, गवतात शिरली, आणि एक तांबडी टाचणी दोन बोटांत पंख मिटून धरून परत आली. दुसऱ्या हाताने बारीक पेन माझ्यापुढे केलं.

“लाव.”

“मी?”

“तूच. डाव्या पंखावर, टोकाच्या थोडं आत. दाबू नकोस.”

इतकी वर्षं मी टाचण्या शिकवल्या, पण जिवंत टाचणीला हात लावला नव्हता. माझ्याकडे बाटलीतले नमुने असत. मी श्वास रोखून ठिपका दिला. पंख बोटाला लागला तो कांद्याच्या पापुद्र्यासारखा. शरयूने बोटं उघडली. टाचणी क्षणभर तिच्या अंगठ्यावर बसून राहिली आणि मग पाण्यालगतच्या गवतात गेली. त्या दिवशी आम्ही अकरा टाचण्यांना ठिपके दिले. धरणारी ती, लावणारी मी. आम्ही कामापुरतंच बोललो. डावा, उजवा, हं, सोड.

संध्याकाळी मी रेघा मारलेली सहा पानं कोऱ्या कागदावर उतरवून दिली. शुद्धलेखन दुरुस्त केलं, बाकी शब्द तिचेच ठेवले. ‘अक्काच्या चार्टात’ हे वाक्यही ठेवलं. फक्त त्याखाली एक ओळ घातली, की चार्ट चुकीचा होता, आणि पुढे माझं नाव लिहिलं. शरयूने ते वाचलं, मान हलवली आणि कागद फाइलमध्ये लावले. सकाळी मला बसमध्ये बसवताना ती पाया पडली, पण रीत म्हणून.

कराड

आल्यावर मी तालुक्यातल्या शाळांना पत्रं लिहिली, की सातवी आणि नववी टाचणी एकच आहे, नववीवर कागद चिकटवावा. एका मुख्याध्यापकांनी फोन करून विचारलं, की मग बाराऐवजी अकरा म्हणायचं का. मी म्हटलं, हो. त्यांनी विचारलं, की हे कुणी शोधलं. मी शरयूचं नाव सांगितलं. ते कौतुकाने सांगितलं असं मला म्हणता येणार नाही. मला अजूनही तिच्या तळ्याचा हेवा वाटतो. तारीख लिहिणाऱ्या नवऱ्याचा वाटतो. श्वास रोखून बसलेल्या कैलाशभाईचासुद्धा वाटतो.

शरयूचा फोन आला नाही. पाच दिवस गेले, सहा गेले. मी केला नाही, कारण करायचा हक्क मला उरला आहे की नाही ते कळत नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले.

काल दुपारी फोन वाजला.

“अक्का, तुझ्यातली एक सापडून गेली,” शरयू म्हणाली. आवाज कोरडाच होता. “डावा पंख, टोकाच्या थोडा आत. शिंगाड्याच्या पानाखाली एकटीच अंडी घालत होती.”

“रंग कुठला झालाय?”

मागे म्हशींच्या घंटा ऐकू येत होत्या, म्हणजे ती तळ्यावरूनच बोलत होती.

“येऊन बघ,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी घड्याळ पाहिलं. टाचणी फार तर दोन-तीन आठवडे जगते, आणि कराडहून धारला पोचायचं म्हणजे दीड-दोन दिवस जातात. मी उठून बॅग काढली. तिच्यातले कपडे अजून धुवायचे होते. तेच पुन्हा भरले.